अंगठा धरणाऱ्या बाई

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका म्हाताऱ्या पेशंटच्या पलंगाच्या पायथ्याशी त्या उभ्या होत्या, त्याच्या पायाचा अंगठा मुठीत धरून. मी वॉर्डाच्या दारात, हातात पत्र्याची पेटी. अंगठा न सोडता त्यांनी विचारलं, "कुठची वं तू?"

"देवगडकडची."

"हे कुठं आलं?"

"कोकणात, बाई."

"बाप्पा! समुद्र सोडून इथं उन्हात मरायले आली? बरं, कोकण, ते पेटी ठेव, हात धुऊन ये अन् याचा दुसरा अंगठा धर. गरम आहे का गार, ते सांग मले."

नागपुरातलं माझं शिक्षण असं सुरू झालं. नावही तिथंच पडलं. पुढं त्या दवाखान्यात होते तोवर मी 'कोकण'च राहिले. माझं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं, आणि ते ऐकून मीच इकडंतिकडं बघायची.

बाई आमच्या सिस्टर ट्यूटर. उंच, हाडापेरानं दणकट, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. हृदय थकलं की रक्त लांबवर पोचत नाही, पाय गार पडतात, हे पुस्तकातही होतं. पण बाईंनी ते पुस्तकात ठेवलं नव्हतं. राउंडला डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावत तेव्हा बाई पायथ्याशी अंगठा धरून उभ्या असत. डॉक्टर वरून ऐकायचे, बाई खालून. अंगठा धरूनच त्या आम्हाला रागवायच्या, आयाला चादरी मोजायला सांगायच्या, दुसऱ्या हातानं चहा प्यायच्या. पेशंटलाही सवय झालेली. बाई दिसल्या की तो आपणहून चादरीतून पाय बाहेर काढायचा.

"तोंड पाहून काय समजते?" त्या म्हणायच्या. "तोंड तं सासुरवाडीतही हसते. अंगठा पाह्य."

आम्ही पाठीमागं त्यांना अंगठाबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा जेवणघरात शिरताना म्हणाल्या, "अंगठाबाई आली वं, वाढा."

माझी शाळा आठवीत सुटली. वडील गेले, आई मला घेऊन मामाकडं आली आणि मी मामीच्या हाताखाली लागले. मामाचा एक मित्र नागपूरला रेल्वेत होता. त्यानं सांगितलं, तिथं एका धर्मादाय दवाखान्यात कमी शिकलेल्या मुलींनाही नर्सिंग शिकवतात, राहणं-जेवण त्यांचंच. 'जेवण त्यांचंच' म्हटल्यावर मामीनं माझी पेटी स्वतः भरली. म्हणून मी इतक्या लांब. मला सगळ्यांचे उपकारच वाटायचे. स्वयंपाकीणबाईंचे, कुलरचे, ज्या पलंगावर झोपायची त्या पलंगाचेसुद्धा. कोणी रागावलं तरी तोंडातून आधी 'थँक्यू' निघायचं. पलीकडच्या पलंगावरची कुसुम बेशाची होती. तेव्हा बेसा नागपूरबाहेरचं साधं गाव होतं. तिच्या घरी शेती आणि जिभेवर ताबा नाही. ती म्हणायची, "ए कोकण, तुले कोणी विहिरीत ढकललं ना, तं तू आतून थँक्यू म्हणशील."

सत्तरीच्या दशकाची अखेर असेल. दवाखान्यात नवा हार्ट वॉर्ड झाला. थोडेसे पलंग, हृदयाची हिरवी रेघ दाखवणारा पडदा आणि शॉकचं मशीन. बंद पडू पाहणारं हृदय विजेच्या झटक्यानं ताळ्यावर आणायचं मशीन. बाई मद्रासकडं जाऊन ते सगळं शिकून आल्या होत्या. पण मशीन आमच्यासारख्या पोरींच्या हाती द्यायचं म्हटल्यावर दवाखान्याच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. डॉक्टरांना बोलवावं की, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांना ऐकवलं, "डॉक्टर साहेब राहतात प्रताप नगरले. ते स्कूटरले किक मारून राहिले तोवर इथं पेशंट वर जाते. पोरी इथंच असतात. त्याइले शिकवते मी."

मग बाईंनी जावई आणला.

तेव्हा शिकवायला रबरी पुतळे मिळायचे, पण परदेशातून आणि महाग. बाईंनी गादीवाल्या चाचांना गाठलं. कापसाचा पुरुषभर उंचीचा माणूस शिवून घेतला, छातीत जाड स्प्रिंगा, तोंडातून आत गेलेली सायकलची ट्यूब. फुंकलं की छाती वर यायची. चाचांनी आपल्या मनानं त्याला काळ्या दोऱ्याच्या मिशा काढल्या. पहिल्या दिवशी तो टेबलावर निजलेला पाहून आम्ही सगळ्या हसू दाबत उभ्या. हात लावायला कोणी तयार नाही. बाई म्हणाल्या, "जावई आला म्हणून लाजून राहिल्या का? चला, कोपरं सरळ, अन् दाबा छाती." तेव्हापासून तो जावईच.

जावई कधीही मरायचा. आम्ही जेवत असायचो, वेणी घालत असायचो, कुसुम तर एकदा अर्धं डोकं न्हालेली होती. व्हरांड्यातून बाईंची आरोळी यायची, "जावई गेले वंऽऽ!" की पळत सुटायचं. पहिली पोचेल तिनं छाती धरायची, दुसरीनं श्वास, तिसरीनं सुई-औषधाचा ट्रे. मशीनजवळ जी असेल ती मालकीण. तिचं सगळ्यांनी ऐकायचं. मालकिणीनं काही सांगितलं की करणारीनं ते मोठ्यानं परत म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नसे. "मान तं बैलही हालवते," बाई म्हणायच्या.

आणि मोजणं. पाच वेळा छाती दाबायची, मग एक श्वास. बाईंचं माहेर खाप्याचं, कन्हान नदीच्या काठचं. तिथं खळ्यावर धान्य मोजताना मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. बाईंच्या तोंडात तेच बसलेलं. त्यामुळं आमची अख्खी तुकडी हृदय चालू करायला असंच शिकली: "लाभ, दोन, तीन, चार, पाच, श्वास!" पाहुणे डॉक्टर एकदा बघायला आले. ते बराच वेळ कान देऊन उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "यातलं लाभ कोणतं औषध?"

पडद्यावरच्या रेघाही त्यांनी अशाच शिकवल्या. लांब दात ओळीनं आले की करवत. रेघ वेडीवाकडी थरथरायला लागली, कशाचा कशाला मेळ नाही, की चिवडा. "चिवडा झाला की शॉक. पण सपाट रेघ दिसली तं आधी माणूस पाह्य, वायर निघाली असंल." हे कुसुमला नीट कळलं ते प्रत्यक्षच. सपाट रेघ पाहून ती धावली आणि पेपर वाचत बसलेल्या पेशंटला तिनं आडवं पाडलं. तो खालून ओरडला, "काहून मारून राहिली वं मले?" बाई त्याच्या अंगठ्याशी जाऊन म्हणाल्या, "दादा, गरम आहा. वाचा पेपर."

कोपरं सरळ ठेवणं मला लवकर जमलं. मामीकडं पोहे कांडलेले हात होते. रेघा ओळखता यायला लागल्या. अडलं ते मामीपाशी. म्हणजे बाईंच्या मामीपाशी.

शॉक द्यायच्या वेळी पलंगाला किंवा पेशंटला कोणाचाही हात लागलेला चालत नाही, झटका त्यालाही बसतो. म्हणून मालकीण ओरडायची, "सगळे दूर! हात वर!" आणि सगळ्यांनी पोलिसानं धरल्यासारखे दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. हात वर असले की ते कुठंच लागलेले नाहीत हे मालकिणीला दिसतं. पण बाईंचं म्हणणं असं, की नर्सा दूर होतील, नातेवाईक होणार नाहीत. आपल्याकडं माणूस जायला लागला की घरचे आधी त्याचे पाय धरतात. म्हणून परीक्षेत बाई स्वतः जावयाची मामी, म्हणजे तिकडच्या बोलीत सासू, व्हायच्या. पदर डोक्यावर घेऊन, जावयाचे पाय कवटाळून असा गळा काढायच्या की शेजारच्या वॉर्डातले पेशंट दाराशी यायचे.

"अवं माय वंऽ, माझ्या जावयाले काय करून राहिल्या वं ह्याऽ! मी नाही सोडत वंऽ!"

बाकीच्या मुली खुशाल ओरडायच्या. कुसुम तर "हट वं मामे!" म्हणून अशी डरकाळी फोडायची की मामी हसत बाजूला व्हायची. माझी पाळी आली की मशीनच्या दोन इस्त्र्यांसारख्या पट्ट्या हातात, मशीन शिट्टीसारखं वाजत तयार, आणि मी म्हणायची, "बाई, जरा बाजूला होता का?"

"नाही होत!" मामी रडत रडत सांगायची.

"बाई, कृपा करून…"

"गेला वं जावई!" पदर खाली घेऊन बाई सरळ उभ्या राहायच्या. "कोकण, तू कृपा करत राहिली अन् माझी पोरगी माहेरी परत आली. मी बाई नाही इथं. मी एक येडी बुढी आहो, पलंगाले लटकलेली. मले हाकल."

मला ते व्हायचं नाही. ज्यांच्या दारात जेवतो त्यांना 'हट' म्हणायचं, हे माझ्या घशातूनच येईना. मी रडकुंडीला येऊन म्हणायची, "बाई, माका नाय जमाचा." पोरी हसायच्या. बाई नाही हसायच्या.

शिक्षण संपत आलं होतं. मामीच्या परीक्षेत पास होतील त्याच मुलींना दवाखाना हार्ट वॉर्डात नोकरीवर ठेवणार होता. बाकीच्यांनी घरी जायचं. कुसुमला बेसा जवळ होतं, शिवाय ती पास झालेली. माझं घर म्हणजे मामाचं घर. गावाकडून आलेल्या एकानं सांगितलं होतं, की मी झोपायची त्या जागी मामीनं भाताची कणगी ठेवलीय. रात्रंदिवस माझ्या डोक्यात ती कणगीच. मी न्हाणीघरात जाऊन पाण्याच्या नळाला 'हट' म्हणून पाहायची. नळाला जमायचं. बाई समोर आल्या की पुन्हा 'होता का'.

त्याच सुमाराला खाप्याचे एक धान्याचे अडते वॉर्डात आले. हृदयाचा झटका येऊन गेलेला, पण आता बरे होते. ते बाईंच्या माहेरच्या आळीतले. बाई त्यांना दादा म्हणायच्या, आणि ते आमच्या दरारा बसवणाऱ्या बाईंना सरळ 'बेबी' म्हणून हाक मारायचे. आम्हाला केवढी मौज! बाईंच्या लहानपणच्या गोष्टी ऐकायला आम्ही त्यांच्या पलंगाभोवती काहीतरी काम काढायचो.

दुपारची भेटायची वेळ होती. वाळ्याचा कुलर घरघरत होता. दादांच्या बायको शेजारी बसून संत्रं सोलत होत्या. बाई पायथ्याशी, अंगठा मुठीत. दादा सांगत होते, "ही बेबी ना, पोहणं शिकली कन्हानमंधी, बैलाचं शेपूट धरून. बैल पल्याड गेला, पाण्याबाहेर आला, चरायले लागला. ही आपली शेपूट धरूनच! म्या म्हटलं, बेबी, सोड ना वं आता. तं हे म्हणे…"

बेबी काय म्हणाली ते राहून गेलं. दादांची मान उशीवर कलंडली.

मी पडद्याकडं पाहिलं. चिवडा.

कुसुम आधीच पलंगाशी पोचली होती. "लाभ, दोन, तीन, चार, पाच!" तिसऱ्या मुलीनं श्वासाची पिशवी तोंडाला लावली. आयानं दादांच्या बायकोला खांद्याला धरून बाजूला नेलं. त्यांच्या हातातलं संत्रं तसंच. मशीनजवळ मी होते. म्हणजे मालकीण मी. हातांना सगळं पाठ होतं. जेली लावली, पट्ट्या छातीवर ठेवल्या, मशीनची शिट्टी चढत गेली.

"सगळे दूर! हात वर!"

"हात वर!" कुसुम. "हात वर!" तिसरी. चार हात डोक्यावर.

आणि पायथ्याशी बाई. अंगठा मुठीत.

मला आधी वाटलं, परीक्षा घेतायत. मग त्यांचा चेहरा दिसला. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. दादांच्या तोंडाकडं बघत होत्या, ओठ हलत होते, "दादा, ओ दादा…" आपण अंगठा धरलाय हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं. आमच्या बाई त्या घटकेला खरोखरच मामी झाल्या होत्या.

"बाई," मी म्हटलं.

मूठ तशीच.

"अहो बाई, जरा…"

पडद्यावर चिवडा बारीक होत चालला होता. आणि माझ्या पोटातून कुठून तरी असा आवाज आला, जो कोकणातला नव्हता, माझा तर नव्हताच.

"हट वं! अंगठा सोड वं बाई, हट!"

बाईंचे दोन्ही हात ताडकन वर गेले. मी बटणं दाबली. दादांचं शरीर उडालं आणि पडलं. रेघ सपाट झाली. एवढी सपाट, की मला मामीची कणगी दिसली. मग एक ठोका आला. मग दुसरा. मग ओळीनं यायला लागले, आणि दादा कण्हले.

कुसुमनं हात खाली घेतले. तिसरीनं घेतले. बाई तशाच उभ्या, हात वर, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुसायला हात मोकळे नाहीत.

"हात खाली घ्या, बाई," मी म्हटलं. पुन्हा आपली मर्यादेत.

डॉक्टर प्रताप नगरहून पोचले तेव्हा मी चादरींच्या खोलीत पळून गेले होते. दाराआडून ऐकू येत होतं.

"शॉक कोणी दिला?"

"कोकणनं."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"मी? मी हात वर करून उभी होती."

थोड्या वेळानं बाई आत आल्या. मी धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडत होते. पेटी भरायची म्हणजे काय काय भरायचं, हे मनात चाललेलं.

"काय म्हणाली वं तू मले?"

"चुकले, बाई."

"ते नाही विचारलं. काय म्हणाली?"

"…हट वं."

"आणखी?"

"अंगठा सोड वं."

"हं." त्या माझ्या शेजारी गठ्ठ्यावर बसल्या. बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या, तो कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा. मग म्हणाल्या, "माझी माय गेली तवापासून मले 'वं' म्हणणारं कोणी राहिलंच नव्हतं." नाक ओढलं. "बरं वाटलं. पण उद्यापासून पुन्हा अहो बाईच म्हणजो."

"आणि परीक्षा, बाई?"

"कोणती परीक्षा वं? जावई वाचला ना? ऊठ. चादरी चुरगळल्या सगळ्या."

दादा चालतेफिरते झाल्यावर त्यांना सगळी हकीकत कळली. त्यांना दोनच गोष्टी पटत नव्हत्या. एक, की आपल्या छातीवर कोणी 'लाभ' म्हणत मोजलं, "म्हणजे माझंच माप केलं का बे यांनी?" आणि दुसरी, की बेबीनं धरलेली वस्तू सोडली. "शेपूट नाही सोडलं हिनं. अंगठा कसा सोडला?"

बाईंची अंगठा धरायची सवय काही गेली नाही. फक्त मशीनची शिट्टी सुरू झाली की सगळ्यांच्या आधी, कोणी सांगायच्या आधी, त्यांचे हात डोक्यावर जायचे. एकदा तर जेवणघरात कुकरची शिट्टी झाली तेव्हाही गेले.

हार्ट वॉर्डात मी बरीच वर्षं काढली. मग आमच्या कोकणातल्या एका दवाखान्यात जागा निघाली. आई थकली होती, जायला हवंच होतं. गाडीच्या दिवशी कुसुम आणि बाई स्टेशनवर आल्या. मागून हमालाच्या डोक्यावर चटईत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. चटईतून दोन कापडी पाय बाहेर आलेले.

"हे काय, बाई?"

"जावई. चाचांनी नवा शिवला आमच्यासाठी. हा आता तुझा. तिकडच्या पोरीइले शिकव."

डब्यातली माणसं आक्रसून बसली. टीसी आला, चटईकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं, आणि घाबरून म्हणाला, "बाई, ये क्या है? इसका टिकट?"

"जावई आहे गा," बाई म्हणाल्या. "जावयाले कोणी तिकीट मागते का?" आणि त्यांनी चटई सोडून मिशा दाखवल्या. टीसीनं कपाळाला हात लावला आणि पुढच्या डब्यात गेला.

मी खिडकीशी बसले. बाहेरून बाईंनी गज धरला होता. कसल्या कसल्या सूचना चालू होत्या, जावयाला उंदरांपासून जप, ट्यूब पंक्चर झाली तर सायकलवाल्याकडं ने, स्वतः जेवत जा. शिट्टी झाली. गाडी हलली. बाई गज धरूनच चालायला लागल्या.

"बाई, गाडी सुटली."

"हौ ना, दिसून राहिलं मले."

"बाई, सोडा आता. पडाल."

त्यांची पावलं भराभर पडायला लागली. पदर सुटला. त्या हसत होत्या आणि गज सोडत नव्हत्या. फलाटाचा शेवट दिसायला लागला. कुसुम मागून ओरडत होती. मी खिडकीतून डोकं काढलं, आणि डोळ्यांना काही दिसत नव्हतं तरी सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडले,

"हट वं, बाई! हात वर!"

बाई जागच्या जागी थांबल्या. गाडीनं वळण घेईपर्यंत मला त्या दिसत होत्या. फलाटाच्या टोकाला, पांढऱ्या साडीत, दोन्ही हात डोक्यावर.